मान झुकते, नजर झुकते का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



येशू ख्रिस्ताचा जन्म जिथं झाला असं मानतात, त्या बेथलेहेम गावात एक प्राचीन चर्च आहे. आज उभी असलेली मुख्य इमारत सहाव्या शतकातली, सम्राट जस्टिनियनच्या काळातली. चर्च भव्य आहे, पण आत जायचा दरवाजा मात्र जेमतेम चार फूट उंचीचा. जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेला माणूस, मग तो राष्ट्रप्रमुख असो की खेडेगावातला शेतकरी, तिथं कमरेत वाकल्याशिवाय आत जाऊ शकत नाही. त्या दाराला नावच पडलं आहे 'नम्रतेचा दरवाजा'. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या गाभाऱ्याचं दार आठवा. तिथंही डोकं सांभाळून, वाकूनच आत जावं लागतं.

गंमत अशी की हे दार नम्रता शिकवण्यासाठी बांधलेलंच नाही. पूर्वी ते चांगलं मोठं होतं. मधल्या काळात दगड बसवून ते दोनदा लहान करण्यात आलं. घोड्यावर बसून किंवा गाड्या घेऊन कुणी आत घुसू नये म्हणून तसं केलं, असं सांगतात. नम्रतेचा अर्थ भाविकांनी मागाहून लावला. अर्थ सुंदर आहे, यात शंका नाही. पण मला त्यातून एक प्रश्न पडतो. दार बुटकं आहे म्हणून माणूस वाकतो, आत गेला की पुन्हा ताठ होतो. या चार पावलांत त्याच्या मनाचं काय होतं? शरीर वाकवायला दगडी चौकट पुरते. मन कशानं वाकायचं? आज मला याच प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. मी ख्रिस्ती उपासनेच्या संदर्भात बोलेन, कारण लहानपणापासून मी त्याच वातावरणात वाढलो. पण हात जोडून कुठंही उभं राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटणार नाही, असं मला वाटतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. दोघंजण मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी उभा राहून देवाचे आभार मानतो. मी इतर लोकांसारखा लुबाडणारा, व्यभिचारी नाही आणि या जकातदारासारखाही नाही, असं म्हणतो. आठवड्यातून दोनदा मी उपास करतो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतो, हेही सांगतो. जकातदार मात्र दूर उभा आहे. वर पाहायचंही धाडस त्याला होत नाही. छाती बडवून तो एवढंच म्हणतो की देवा, मी पापी आहे, माझ्यावर दया कर. आणि येशू सांगतो, देवाच्या दृष्टीनं नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकतो की परूशी म्हणजे खलनायक, असं आपल्या मनात पक्कं होऊन बसतं. पण त्या काळच्या श्रोत्यांना तसं वाटलं नसणार. परूशी हे धर्मशास्त्र मनापासून पाळणारे लोक होते. हा माणूस जे सांगतो आहे, ते खोटं आहे असं गोष्टीत कुठंही म्हटलेलं नाही. तो खरोखरच उपास करत असेल, खरोखरच दशांश देत असेल. आजच्या भाषेत सांगायचं तर मंडळीच्या विश्वस्तपदासाठी अगदी योग्य उमेदवार! आणि जकातदार? तो रोमन राजवटीसाठी आपल्याच लोकांकडून पैसा वसूल करणारा, त्यात स्वतःचा हातही मारून घेणारा. लोक त्याच्याकडे तिरस्कारानं पाहत ते काही उगाच नव्हे.

मग परूशाचं चुकलं कुठं? माझ्या मते त्याची चूक त्याच्या नजरेत आहे. प्रार्थनेला उभा राहिला देवासमोर, पण पाहिलं त्यानं शेजारी. ती आडवी नजर त्याला नडली. आपली उंची मोजायला त्याला शेजारचा बुटका माणूस लागला. त्याच्या प्रार्थनेत देवाकडे मागणं असं काही नाहीच, आहे तो फक्त जमाखर्च, आणि तोही दुसऱ्याच्या खर्चानं स्वतःची जमा दाखवणारा.

या गोष्टीत आपल्यासाठीही एक सापळा आहे. ती ऐकून आपण मनातल्या मनात म्हणतो, बरं झालं, मी त्या परूशासारखा नाही! हे वाक्य मनात उमटलं की आपण नेमके त्याच्याच जागी जाऊन उभे राहतो. नम्रतेचाही गर्व होतो, आणि तो ओळखायला सगळ्यात अवघड. कारण तो खाली मान घालून येतो.

चर्चच्या वर्षात हा पेच अगदी उघडपणे समोर येतो तो राखेच्या बुधवारी. या दिवशी उपवासकाळ सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळावर लावतात. माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस, याची ती आठवण. गेल्या वर्षी ज्या झावळ्या हातात धरून जयजयकार केला, त्यांचीच ही राख. एवढं बोलकं चिन्ह क्वचित सापडेल. पण त्याच दिवशी मिस्सामध्ये शुभवर्तमानाचं जे वाचन होतं, ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. त्यात येशू बजावतो की उपास करताना चेहरे उदास करून लोकांना दाखवत फिरू नका. उलट तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे तुमचा उपास कुणाच्या लक्षातही येणार नाही. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका. प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्या.

म्हणजे कानांनी ऐकायचं की तोंड धुऊन टाका, आणि लगेच कपाळावर राख लावून घ्यायची! कुणाला ही विसंगती वाटेल. मला मात्र यात परंपरेचं शहाणपण दिसतं. उपासना चारचौघांत करायची तर खुणा लागणारच. गुडघे टेकणं, हात जोडणं, मेणबत्ती लावणं हे सगळं दिसणारं आहे. ते टाळता येत नाही आणि टाळायची गरजही नाही. म्हणून खूण देतानाच तिचा धोकाही सांगून ठेवला आहे. एका हातानं राख दिली आणि दुसऱ्या हातानं सावध केलं. ती राख कपाळावर घेऊन ऑफिसला जाणाऱ्यानं दिवसभरात एकदा तरी स्वतःला विचारावं, ही मी कुणासाठी लावली आहे?

दानाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. आपल्याकडे देऊळ असो, चर्च असो, धर्मशाळा असो, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्याचं नाव वाचायला मिळतं. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, म्हणून काही जण तो बंद असताना फोटो काढून घेत असतील! दात्याचं नाव लिहू नये असं मी म्हणत नाही. संस्थांना पैसा लागतो, हिशेब चोख लागतो, कृतज्ञताही व्यक्त व्हायला हवी. पण मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवेची गोष्ट अशा वेळी आठवते. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे टाकताना पाहतो आहे. त्या मंदिरात कर्ण्याच्या तोंडाच्या तेरा दानपेट्या होत्या, असं ज्यू परंपरा सांगते. श्रीमंत लोक पुष्कळ टाकतात. एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. टोली म्हणजे चलनातलं सगळ्यात हलकं नाणं. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो की सर्वांपेक्षा हिनं अधिक दिलं, कारण इतरांनी भरल्या पेटीतून दिलं, हिनं आपली उपजीविकाच दिली.

'विधवेच्या दोन टोल्या' हा मराठी ख्रिस्ती लोकांत वाक्प्रचारच झाला आहे. देणगीचं आवाहन करताना तो हमखास ऐकू येतो. पण या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे, ते सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. त्याआधी येशू शास्त्री लोकांबद्दल सावधगिरीचा इशारा देतो. त्यांना लांब झगे घालून मिरवायला आवडतं, बाजारात नमस्कार आणि सभास्थानात मानाच्या जागा हव्या असतात. ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि हे बोलून होतं न होतं तोच समोर ती विधवा येते. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले की अंगावर काटा येतो. तिच्या त्यागाचं कौतुक करताना, तिच्याकडे दोनच टोल्या का उरल्या, हाही प्रश्न विचारावा लागतो. लांब प्रार्थना आणि गिळलेली घरं यांचा संबंध येशूनं एका वाक्यात जोडून दाखवला आहे. प्रार्थनेचा खरेपणा तपासायचा तर तो असा, चर्चच्या बाहेरच्या व्यवहारात.

आता पुन्हा त्या आडव्या नजरेकडे येऊ. चर्चमध्ये कोण कुठं बसतं, यावरून पहिल्या शतकापासून वाद आहेत. याकोबाच्या पत्रात एक प्रसंग रंगवला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळके कपडे घातलेला गरीब येतो, त्याला सांगतात, तू तिथं उभा राहा किंवा माझ्या पायाशी बस. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना संत पौल संतापून विचारतो की प्रभुभोजनासाठी तुम्ही एकत्र जमता, आणि एक जण उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो, हे कसलं प्रभुभोजन?

भारतात या रोगानं जातीचं रूप घेतलं. तमिळनाडूतल्या वडक्कनकुलम या गावी 1872 मध्ये एक कॅथलिक चर्च बांधण्यात आलं. त्याचा आराखडा विजारीसारखा होता. दोन लांब दालनं, आणि ती जिथं जुळतात तिथं वेदी. एका दालनात एका जातीचे ख्रिस्ती, दुसऱ्यात दुसऱ्या जातीचे. दोघांनाही वेदी दिसावी, पण एकमेकांची तोंडं दिसू नयेत, अशी सोय! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती विभागणी मोडून काढण्यात आली. या इमारतीत गुडघे टेकणारे लोक अप्रामाणिक होते, असं मी म्हणणार नाही. त्यांची भक्ती खरी असेल, डोळ्यांतलं पाणीही खरं असेल. पण शेजारी दिसणारच नाही अशी भिंत बांधून केलेलं वंदन अर्धंच राहतं. परूशानं शेजाऱ्याकडे तुच्छतेनं पाहिलं, इथं तर पाहायचंच टाळलं. आणि अशा भिंती विटांच्याच असतात असं नाही. स्वतंत्र दफनभूमी, जात पाहून जुळवलेली लग्नं, मंडळीच्या निवडणुकीतले गट, या भिंती आजही ठिकठिकाणी उभ्या आहेत. दलित ख्रिस्ती बांधव त्याबद्दल बोलत आले आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकणं हाही उपासनेचाच भाग आहे.

भिंत भाषेचीही असते. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूर इथं फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूनं आपली लॅटिन विद्वत्ता बाजूला ठेवून इथल्या ओवीत लिहिलं. पण मला याहून मोठं वाटतं ते पंडिता रमाबाईंचं उदाहरण. संस्कृतवरच्या प्रभुत्वामुळे 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात राहून हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांच्या आधारे बायबलचं मराठी भाषांतर केलं. पांडित्य दाखवायची याहून चांगली संधी कुठली? पण त्यांनी मुद्दाम साधी, बोलीच्या जवळची मराठी वापरली. दुष्काळातून, वैधव्याच्या हालांतून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बायकांना ते वाचता यावं, हा त्यांचा हेतू होता. छपाईचं काम मुक्ती सदनाच्या छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनीच केलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

ज्याला येत नाही त्यानं साधं लिहिणं वेगळं, आणि ज्याला सगळं येतं त्यानं समोरच्या माणसासाठी साधं लिहिणं वेगळं. उपासनेतली नम्रता मला या दुसऱ्या प्रकारची वाटते. व्यासपीठावरून जड शब्दांत लांब प्रार्थना करणाऱ्यांनी रमाबाईंची ही गोष्ट कधीमधी आठवायला हरकत नाही. चौथ्या रांगेतल्या आजीला कळलं का, एवढंच विचारावं.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ते घरगड्याचं काम होतं. पेत्रानं आधी नकार दिला. त्याला संकोच वाटला. दुसऱ्याचे पाय धुणं अवघड, पण दुसऱ्याला आपले मळलेले पाय धुऊ देणं त्याहून अवघड, हे योहानानं इथं नेमकं टिपलं आहे. नम्रतेची ही दुसरी बाजू आपण विसरतो. मदत करताना मोठं वाटतं, मदत घेताना कळतं आपण कुठं आहोत ते.

हा विधी कित्येक शतकं पाळला गेला आणि पाळता पाळता बराचसा शोभेचाही झाला. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो उचलून रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात नेला. तिथल्या बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवरच्या नियमानुसार हा विधी फक्त पुरुषांसाठी होता, त्यामुळे टीका झाली. 2016 मध्ये नियमच बदलण्यात आला. 2025 च्या पवित्र गुरुवारी, 17 एप्रिलला, पोप आजारातून नुकतेच उठले होते, चाकाच्या खुर्चीत होते. तरी ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. यंदा मला पाय धुता येणार नाहीत, पण तुमच्याजवळ राहायचं आहे, अशा अर्थाचं कैद्यांना सांगून आले. चार दिवसांनी, 21 एप्रिलला त्यांचं निधन झालं. विधी करण्याची ताकद उरली नव्हती, तेव्हा विधीमागचा अर्थ तेवढा शिल्लक राहिला. तो अर्थ म्हणजे जवळ जाणं.

येशूचं आणखी एक सांगणं आहे, ते ऐकायला सोपं आणि करायला फार कठीण. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. लक्षात घ्या, तुझ्या मनात काही असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात असेल तर, म्हणतो. मिस्सामध्ये शांतीचं अभिवादन करतात, शेजारच्याला हात देतात. ज्याच्याशी भांडण नाही त्याला हात देणं सोपं. बांधावरून, वाडवडिलांच्या जागेवरून, बहिणीच्या हिश्शावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे, तो सहसा चार बाकं पलीकडे बसलेला असतो. त्या चार बाकांचं अंतर बेथलेहेमच्या दारापेक्षा अवघड आहे. तिथं दगड वाकवतो, इथं आपलं आपल्यालाच वाकावं लागतं.

म्हणून मला वाटतं, उपासनेत शेजारी पाहूच नये असं नाही. पाहावं, जरूर पाहावं. आपण त्याच्याहून किती बरे, हे मोजायला नको, त्याचं आपण काय देणं लागतो, हे आठवायला.

लूकनं जकातदाराची गोष्ट अठराव्या अध्यायात सांगितली. तो प्रार्थना करून घरी गेला, एवढंच आपल्याला कळतं. दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर पुन्हा बसला का, वसुलीत हात मारणं थांबवलं का, काहीच कळत नाही. पण पान उलटलं की एकोणिसाव्या अध्यायात दुसरा एक जकातदार भेटतो. यरीहो गावचा जक्कय, झाडावर चढून येशूला पाहणारा. येशू त्याच्या घरी जातो, तेव्हा तो उभा राहून जाहीर करतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत. पहिल्यानं छाती बडवली, दुसऱ्यानं हिशेबाची वही उघडली. माझ्या लेखी या दोन गोष्टी मिळून एकच प्रार्थना पूर्ण होते. तिचा पहिला अर्धा भाग रविवारी म्हणायचा असतो आणि उरलेला सोमवारी सकाळी, दुकानात, कचेरीत, घरात.